माल्टात बस आणि मावळात मोटार?

गेल्या रविवारी माझा भाचा आणि भाचेसून पुण्याहून भेटायला आले होते. दोघं नुकतेच आठवडाभर माल्टाला जाऊन आलेत. जेवणं झाल्यावर सतरंजीवर बसून त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवायला सुरुवात केली. तीनशे-चारशे तरी असतील, पण खरंच सांगते, कंटाळा आला नाही. भूमध्य समुद्राचं निळंशार पाणी, मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, घरांना रंगीत लाकडी बंदिस्त सज्जे. मारसाश्लॉक नावाच्या कोळ्यांच्या गावातल्या होड्या तर फारच आवडल्या. प्रत्येक होडीच्या नाळेवर दोन्ही बाजूंना डोळे रंगवलेले!

फोटोंपेक्षाही मला त्यांचं बोलणं आवडलं. सगळं बेट त्यांनी बसने पाहिलं होतं. व्हॅलेटा या राजधानीच्या वेशीबाहेर एक मोठं कारंजं आहे, तिथेच बसचा तळ आहे म्हणे. सकाळी तिथे जायचं, त्या दिवशी मनात येईल त्या गावाची बस धरायची. एकदा चुकीच्या थांब्यावर उतरायला निघाले तर बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या एका आजीबाईंनी हाताला धरून परत बसवलं आणि पुढे आपल्याबरोबर उतरवून घेतलं. भाषा एकमेकांची कळेना, पण काम झालं. "आत्या, तीच आमची खरी ट्रिप झाली बघ," भाचा म्हणाला. "मोटार भाड्याने घेतली असती तर यातलं काही दिसलं नसतं."

मी म्हटलं, वा! अगदी माझ्या मनातलं बोललास. मग पुढच्या रविवारी या, आपण भाज्याची लेणी बघायला जाऊ. बेगडेवाडीला लोकल धरायची, मळवलीला उतरायचं, तिथून चालत अर्धा-पाऊण तास.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"लोकलने? आत्या, तू अजून लोकलने जातेस?"

"आत्या, तुम्ही कशाला त्रास घेता? आम्ही गाडी आणतो ना. एसी लावून आरामात जाऊ," सूनबाई म्हणाली. मुलगी गुणी आहे, काळजीनेच म्हणाली. मी काही बोलले नाही. चहा झाला, ते निघाले. रात्री फोन आला की पोचलो एकदाचे, वाटेत एवढी गर्दी होती की घरी यायला अडीच तास लागले.

तेव्हापासून हे माझ्या डोक्यात घोळतंय. ते दोघंही हा ब्लॉग वाचतात, आणि नात्यातली आणखी दहा-बारा मंडळीही. तेव्हा आधीच सांगते, हे तुम्हालाच उद्देशून आहे. रागवायचं तर रागवा, पण शेवटपर्यंत वाचून मग रागवा :-)

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या माणसाला परदेशात बसने फिरणं म्हणजे तिथली संस्कृती जाणून घेणं वाटतं, आणि आपल्याच तालुक्यात बसने फिरणं म्हणजे हालअपेष्टा वाटतात, त्याला कौतुक आहे ते परदेशाचं. संस्कृतीबिंस्कृतीचं नाव तो उगाच घेतो. आणि ही आवडनिवड त्याच्यापुरती राहिली असती तर मी गप्प बसले असते. पण तिची किंमत दुसरीच माणसं मोजतात. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी माल्टाबद्दल. माणसाने टीका करावी तर माहिती घेऊन करावी, असं मी मुलांना शिकवत आले, म्हणून थोडं वाचलं. माल्टाच्या सगळ्या बेटांचं मिळून क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर. आमचा मावळ तालुका त्याहून कितीतरी मोठा. तिथे रेल्वे नाही, बसच आहे. २०११ च्या जुलैपर्यंत तिथे जुन्या पिवळ्या बस धावत. बहुतेक बस चालकांच्या स्वतःच्या मालकीच्या, त्यांनी हौसेने सजवलेल्या. (आपल्याकडच्या ट्रकवाल्यांची आठवण आली ना?) मग त्या गेल्या, नव्या आल्या, कंपन्या बदलल्या. ऑक्टोबर २०२२ पासून तिथल्या रहिवाशांना कार्ड दाखवलं की बसप्रवास फुकट आहे. म्हणजे तिथे सगळं गोड आहे असं समजू नका. मोटारींनी तेही बेट भरून गेलंय. भाचाच सांगत होता की एकदा चाळीस मिनिटं बस आली नाही, आणि आली ती भरलेली, न थांबता पुढे गेली.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार? कठड्यावर बसून समुद्र बघत राहिलो. मस्त वाटलं."

आता हाच भाचा आपल्या स्टेशनवर लोकल दहा मिनिटं उशिरा आली की काय म्हणतो, ते मला पाठ आहे. "या देशाचं काही होणार नाही." उशीर दोन्हीकडे तोच. तिथे तो समुद्र बघतो आणि इथे घड्याळ. समोर घोरावडेश्वराचा डोंगर उभा असतो, त्याच्या कातळात लेणी कोरलेली आहेत, तुकोबांच्या वावराच्या आठवणी त्या डोंगराशी जोडलेल्या आहेत. तिकडे मान वर करून बघायला काय हरकत आहे?

बरं, आता आमच्या लोकलबद्दल. हिला तुम्ही पुणे-लोणावळा लोकल म्हणून ओळखता. मुंबईच्या लोकलपुढे ही म्हणजे धाकटी बहीण. पण ज्या मार्गावरून ती धावते तो जुना आहे. खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ साली सुरू झाला. तेव्हा घाटातली रेल्वे व्हायची होती. मुंबईकडून आलेले लोक घाटाच्या पायथ्याला उतरत आणि पालखीतून, तट्टावरून किंवा पायी घाट चढून खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. बोरघाटातला मार्ग १८६३ साली पुरा झाला, आणि तो करताना हजारो मजूर मेले. लोकल मात्र १९७८ च्या मार्चमध्ये आली. पुणे धरून लोणावळ्यापर्यंत १७ स्टेशनं. बेगडेवाडी हे त्यातलं आमच्या परंदवडीकरांच्या सोयीचं.

माझ्याबरोबर मनाने तरी एकदा बसा. बेगडेवाडी सुटलं की घोरावाडी, मग तळेगाव. तळेगावात लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ मध्ये काचेचा कारखाना काढला होता. स्वदेशी म्हणजे काय, हे मी मुलांना पुस्तकातून शिकवत होते, पण या कारखान्याचं नाव काढलं की वर्ग जागा व्हायचा, कारण ते गाव त्यांच्या ओळखीचं होतं. पुढचं स्टेशन वडगाव. १७७९ च्या जानेवारीत पुण्यावर चालून आलेल्या इंग्रजी फौजेला मराठ्यांनी इथे कोंडून तह करायला लावला. इंद्रायणी तांदूळ तुम्ही सगळे आवडीने खाता, पाच-पाच किलो माझ्याकडून घेऊनही जाता. त्याचं वाण इथल्याच भात संशोधन केंद्रातलं, १९८७ सालचं. मग कान्हे, कामशेत. कामशेत सुटलं की खिडकीची जागा सोडू नका. इंद्रायणी जवळून वाहते, आणि जुलैत गेलात तर दोन्हीकडे भातलावणी चालू असते. डोक्यावर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद घेऊन, गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका. डब्यातल्या बायका त्यांच्याकडे बघून सांगतात, "यंदा आवण उशिरा झालं." त्यांना ती शेतं कुणाची हेही माहीत असतं.

मग मळवली. तिथून दक्षिणेला भाजे, वर लोहगड आणि विसापूर. उत्तरेला जुना हमरस्ता ओलांडून कार्ला. दोन्हीकडची लेणी एका दिवसात पायी होतात; माझ्या वयाला होत नाहीत, तुमच्या वयाला होतात.

भाज्याचं चैत्यगृह इसवी सनापूर्वीचं आहे. त्याचे खांब आत कललेले आहेत, कारण लाकडी बांधकामात भार पेलायला खांब तसे कलते ठेवावे लागत, आणि कातळात कोरतानाही कारागिरांनी तीच रीत पाळली. बाजूला चौदा स्तूपांचा समूह आहे. कार्ल्याचं चैत्यगृह तर भारतातलं कातळात कोरलेलं सगळ्यात मोठं. लांबी साधारण ४५ मीटर. छताला लावलेल्या सागवानी फासळ्या दोन हजार वर्षं झाली तरी जागेवर आहेत. समोरच एकवीरा आईचं देऊळ, त्यामुळे कोकणातली कोळी मंडळी नवस फेडायला येतात. आणि गंमत बघा, कार्ल्याच्या खांबांवर ते कोणी दान केले हे ब्राह्मी अक्षरांत कोरलेलं आहे, त्यात धेनुकाकट नावाच्या गावचे 'यवन' आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा त्या बाजूची माणसं. ती नेमकी कुठली, यावर पंडितांचे वाद आहेत. पण नाव तरी भूमध्य समुद्राकडचं! सूनबाई, तुम्ही तीन हजार रुपयांची नाही, लाखांची तिकिटं काढून ज्या समुद्राकाठी गेलात, तिकडचं नाव सांगणारी माणसं आपल्या मळवलीच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी खांब देऊन गेली आहेत. आणि मळवलीचं तिकीट चहाच्या कपाएवढं आहे.

आता मोटारवाल्यांचा मावळ कसा असतो ते सांगते. मी त्यातूनही फिरले आहे, मुलांच्या आग्रहाने. द्रुतगती मार्गावर दोन्हीकडे कठडे. गाव नाही, माणूस नाही. संभाषण काय, तर टोल किती कापला, पुढे लाल रेघ दाखवतेय, लेन बदल. लोणावळ्यात शिरलं की गाड्यांची रांग. ठरलेले पाच 'पॉइंट'. प्रत्येक ठिकाणी पार्किंगवरून वादावादी, भजी, कणीस, फोटो, पुन्हा मोटार. संध्याकाळी चिक्कीची खोकी डिकीत. कुणाशी बोललात? पार्किंगवाल्याशी. काय पाहिलंत? पुढच्या मोटारीचा नंबर. याला तुम्ही मावळ पाहणं म्हणत असाल तर मग पोस्टकार्ड बघणं काय वाईट?

आणि हे फक्त गमतीचं नाही. पावसाळ्यातल्या रविवारी सगळे त्याच चार जागी लोटतात. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट इंद्रायणीत कोसळला आणि चार जण गेले. कुंडमळा आमच्यापासून लांब नाही. ती माणसं मोटारीने आली म्हणून गेली, असं मी मुळीच म्हणत नाही, तसं म्हणणं पाप होईल. पण एक गोष्ट मी अनुभवाने सांगते. एसटीतून किंवा लोकलमधून तुम्ही जाता तेव्हा शेजारी गावचं माणूस असतं. ते विचारतं, कुठं निघालात? आणि सांगतं, "ताई, आज तिकडं नका जाऊ, वरती लई पाऊस झालाय, पाणी एकदम येतं." बंद काचेच्या मोटारीत हे कोण सांगणार? मोबाइलमधली बाई फक्त डावीकडे वळा म्हणते.

आता तुमच्या बाजूने बोलते. मला उत्तर देताना तुम्ही काय म्हणणार ते ठाऊक आहे.

एक, दुपारी लोकल मिळत नाही. खरं आहे. सकाळ-संध्याकाळ गाड्या आहेत, पण दुपारच्या वेळापत्रकात वर्षानुवर्षं मोठी पोकळी राहिली आहे, त्यासाठी निवेदनं झाली, आंदोलनं झाली. मीच एकदा धाकट्या बहिणीला हौसेने भाज्याला नेलं आणि परतताना मळवलीच्या बाकावर दोन तास बसवलं. तिने दोन तास माझा उद्धार केला. (ती हे वाचते आहेच.)

दोन, स्वच्छतागृह. याबाबत मी तुमच्याशी वाद घालणारच नाही. बायकांनी दिवसभर पाणी न पिता प्रवास करायचा, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. मी पस्तीस वर्षं मुलींच्या सहली काढल्या. कुठे जायचं हे मी लेणी बघून ठरवत नसे, सोय बघून ठरवत असे.

तीन, स्टेशनपासून पुढे जायचं कसं? हाही मुद्दा बरोबर. रिक्षावाला सीटचे किती घेईल ते त्याच्या मनावर.

चार, म्हातारी माणसं आणि लहान मुलं. याला मात्र मी हसते. म्हातारं माणूस मीच आहे! आणि लहान मुलांना लोकलमध्ये जेवढी मजा येते तेवढी मोटारीच्या मागच्या सीटवर पट्टा बांधून येत नाही. तुमच्याच मुलाला विचारा.

म्हणजे चारातल्या तीन तक्रारी मी मान्य केल्या. पण आता माझं ऐका. या तक्रारी सुटत का नाहीत? कारण ज्यांच्या तक्रारीची दखल घेतली जाते ती माणसं, म्हणजे तुम्ही, त्या गाडीत नसताच. उरते कोण? दूधवाले, कारखान्यात पाळीवर जाणारी पोरं, धुणीभांडी करायला जाणाऱ्या बायका, कॉलेजच्या मुली आणि माझ्यासारख्या पेन्शनर. आमच्या निवेदनावर तारखेचा शिक्का पडतो आणि ते फायलीत जातं. तुम्ही वाहतूककोंडीत अडकलात की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. घाटातली कोंडी टाळायला खोपोली ते कुसगाव नवा जोडरस्ता बोगदे खणून करायचं ठरलं, त्याचा खर्च साडेसहा हजार कोटींच्या वर. मी त्याच्या विरुद्ध नाही, घाटातले अपघात मीही वाचते. पण पुणे-लोणावळा रेल्वेच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची चर्चा आम्ही किती वर्षं ऐकली! राज्य मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली ती २०२५ मध्ये. जास्तीच्या लोकलला जागा होणार ती या मार्गिका झाल्यावर. म्हणजे मोटारवाल्याला वाट आधी आणि लोकलवाल्याला मंजुरी नंतर.

एसटीचंही तेच. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला (आताचं अहिल्यानगर) पहिली एसटी गेली, तेव्हापासून महाराष्ट्र जोडला तो या गाडीने. 'आवडेल तेथे प्रवास' हा पास १९८८ पासून आहे. चार किंवा सात दिवस एका पासावर राज्यभर हिंडा. माल्टाला सात दिवसांचं बसकार्ड घेतलंत ते मला कौतुकाने दाखवलंत, पण हा पास तुमच्यापैकी कुणी कधी काढला? ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्या माणसांना एसटी फुकट झाली आणि मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट. मी सध्या अर्ध्यात हिंडते आहे, पुढच्या वर्षी फुकट हिंडेन. सवलतीबद्दल मी आभारीच आहे. पण तिकीट अर्धं झालं तरी गाडीच नसेल तर अर्धं कशाचं करायचं?

वर म्हटलं होतं की किंमत दुसरी माणसं मोजतात, ते आता सांगते.

मी नोकरीत असताना पवन मावळातल्या एका वाडीवरून एक मुलगी आमच्या शाळेत यायची. नाव सांगत नाही. गणितात हुशार, अक्षर मोत्यासारखं. तिच्या गावाला एक मुक्कामी गाडी होती. रात्री यायची, पहाटे निघायची. तीच धरून ही यायची. हळूहळू गावातल्या ज्यांना परवडलं त्यांनी मोटारसायकली घेतल्या, मग जिपा सुरू झाल्या. गाडीत माणसं कमी झाली. एक दिवस मुक्काम बंद झाला, मग सकाळची फेरीही गेली. मोटारसायकलवाल्यांचं काही अडलं नाही. जीपवाला माणसं भरल्याशिवाय सुटत नसे आणि संध्याकाळी परतायची खात्री नाही. वयात आलेली मुलगी जीपच्या मागच्या फळीवर बसून जाणार, हे तिच्या वडिलांना पटलं नाही. दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर ती आली नाही. मी दोनदा तिच्या घरी गेले, दुसऱ्या खेपेला परत येताना सहा किलोमीटर चालत आले. वडील वाईट नव्हते. ते म्हणाले, "बाई, गाडी चालू करा, उद्या पाठवतो." मला काही उत्तर देता आलं नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

त्या गाडीत रोज आणखी पाच-दहा माणसं बसली असती तर ती टिकली असती का? मला खात्रीने सांगता येणार नाही. पण रिकामी गाडी आधी बंद होते, एवढं मला कळतं. तुम्ही शनिवार-रविवारी येणारी हजारो माणसं आहात. तुमच्यातला दहावा माणूस जरी लोकलने, एसटीने आला, तरी कामशेतहून पवनानगरला जाणाऱ्या गाडीची एक फेरी जास्त मागायला आम्हाला तोंड राहील. बेडशाची लेणी त्याच वाटेवर आहेत. त्यांच्या ओसरीतल्या खांबांवर घोड्या-हत्तींवर बसलेल्या जोड्या कोरल्या आहेत, त्या बघायच्या असतील तर त्या मुलींच्या गाडीने जा. तुमची सहल होईल आणि त्यांची गाडी टिकेल.

माझं मागणं काही फार मोठं नाही. मळवली स्टेशनवरून लोकलच्या वेळा धरून भाजे आणि कार्ल्याला जाणारी छोटी बस. तशीच कामशेतहून बेडसे, पवनानगर. प्रत्येक स्टेशनवर पुढच्या बसचं वेळापत्रक मोठ्या मराठी अक्षरांत, म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता येईल असं. स्वच्छ, कुलूप नसलेलं स्वच्छतागृह. आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लेण्यांच्या आणि गडाच्या अरुंद रस्त्यांवर बाहेरच्या मोटारींना बंदी. जुलै २०२५ मध्ये ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यात आमचा लोहगड आहे. मानाबरोबर मोटारीही वाढणार. गायमुख खिंडीच्या त्या रस्त्यावर त्या मावायच्या कुठे?

बंदी म्हटलं की तुम्ही दचकाल. पण माथेरानला काय करता? दस्तुरी नाक्यावर मोटार ठेवता आणि पुढे चालता, घोड्यावर बसता किंवा १९०७ सालापासूनच्या त्या छोट्या गाडीत बसता. कधी कुरकुर केलीत? उलट "इथे मोटारी नाहीत म्हणून किती शांत वाटतं" असं म्हणत घरी येता. म्हणजे मोटार सोडणं तुम्हाला जमतं. कुणीतरी सांगावं लागतं, एवढंच.

असो. पुष्कळ लिहिलं. बाईंची सवय, तास संपला तरी बोलत राहायचं.

येत्या रविवारी मी सकाळच्या लोकलने भाज्याला जाणार आहे. पुण्याहून येणाऱ्यांनी शिवाजीनगरला चढावं, मी बेगडेवाडीला चढेन. बायकांच्या डब्यात असेन, पुरुष मंडळींनी मळवलीला उतरून जिन्यापाशी थांबावं. पाण्याची बाटली, टोपी आणि सुटे पैसे आणा. भाकरी-पिठलं आणि मिरचीचा ठेचा मी आणते. दुपारी गाडी मिळाली नाही तर बाकावर बसू, समोर लोहगड आणि विसापूर असतील. भाच्याने त्या दिवशी समुद्राकडे जसं बघितलं तसं त्या डोंगरांकडे बघावं, एवढीच आत्याची अट आहे.

कोण कोण येणार, ते खाली लिहा. म्हणजे त्या हिशोबाने भाकऱ्या थापायला.